उसने भांडे

उसने आणलेले भांडे रिकामे परत करू नये, अशी आमच्या घरची जुनी रीत होती. शेजारून मोठे पातेले आणले, तर परत जाताना त्यात दोन लाडू, मूठभर चिवडा, आणि तेही नसले तर चिमूटभर साखर तरी असायचीच. दिवाळीच्या आठवड्यात भांड्यांची ही ये-जा इतकी चाले, की कोणते पातेले मूळचे कोणाचे हे ठरवायला काठावर कोरलेली नावे वाचावी लागत.

लिहिण्याच्या प्रांतातही अशीच एक उसनवारी चालते, आणि ती वाटते तितकी कमीपणाची नाही. दुसऱ्या लेखकाने घडवलेला नायक उचलायचा, त्याच्या सवयींसकट, मित्रांसकट आणि वैऱ्यांसकट उचलायचा, आणि आपण रचलेल्या प्रसंगात त्याला सोडून द्यायचे. इंग्रजीत याला हल्ली ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. नाव नवे आहे. खोड जुनी आहे. लेखकाची पुस्तके संपली आणि वाचकाची भूक मात्र उरली, म्हणजे वाचक स्वतःच चूल पेटवतो, एवढाच त्याचा अर्थ. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठाला ओठ लावणारे एकही अक्षर त्यांनी येऊ दिले नाही. ज्याच्या नावातच ‘म’ आहे त्या नायकाची कथा ‘म’ न उच्चारता सांगायची, म्हणजे कमालच म्हणायची! पण हा राम पंतांनी कोणाच्या घरून आणला, असे त्यांना कोणी हटकल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा उसना नायक घ्यावा की नाही, हा माझा आजचा प्रश्नच नव्हे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. असे काही लिहून कोणी आपल्या हाती वही दिली आणि ‘कसं वाटलं ते खरं सांगा’ म्हटले, तर काय सांगावे? आणि कसे?

सांगण्याच्या दोन तऱ्हा मी शाळकरी वयातच पाहिल्या. ते बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे दिवस होते. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात झुंजारचे नवे पुस्तक आले, की ते हाती पडेपर्यंत आम्हा मुलांना जेवण गोड लागत नसे. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली, पण आमचा वेग त्यांच्याहूनही अधिक होता. त्यामुळे दोन पुस्तकांच्या मधल्या दुष्काळात आम्ही काही जण स्वतःच झुंजारला कामाला लावत असू.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर अशी एक गोष्ट लिहिली होती. ती मास्तरांना सापडली. त्यांनी त्याला मारले नाही, रागेही भरले नाहीत. त्यांनी ती गोष्ट भर वर्गात, हावभाव करून, मोठ्याने वाचून दाखवली. ऱ्हस्वदीर्घाच्या प्रत्येक चुकीपाशी ते थांबत आणि वर्गाकडे पाहत. त्यांनी दाखवलेली एकही चूक खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. दीड पान वाचून झाल्यावर तास संपल्याची घंटा झाली. त्या मुलाने पुढे कापडाचे दुकान काढले आणि ते उत्तम चालवले. पण लिहिले काही नाही. चाळीस वर्षांनी आम्ही जुने विद्यार्थी एकत्र जमलो, तेव्हा जेवणानंतर कोणीतरी झुंजारची आठवण काढली. त्याबरोबर या गृहस्थाने आपली ती गोष्ट पहिल्या वाक्यापासून घडाघडा म्हणायला सुरुवात केली. आम्ही थक्क होऊन ऐकत होतो. आणि घंटा जिथे झाली होती, नेमका तिथेच तो थांबला. पुढचे त्याला आठवत नव्हते.

दुसरी तऱ्हा माझ्या धाकट्या काकांची. काका एका छापखान्यात मुद्रिते तपासत. दिवसभर लोकांच्या चुका शोधून दमलेल्या माणसाला घरी आल्यावर पुतण्याने आणखी एक वही द्यावी, हे जरा निर्दयपणाचेच होते. पण मी दिली. दोन दिवसांनी वही परत आली. आत एक अक्षर लिहिलेले नव्हते. नुसत्या समासात पेन्सिलीच्या चार बारीक खुणा होत्या.

“काका, या कसल्या?”

“इथे इथे मी चहाला उठलो.”

“आणि ही पाचवी? हिच्याभोवती गोल का?”

“तिथे तुझ्या काकूने दोनदा हाक मारली, तरी उठलो नाही.”

“मग गोष्ट चांगली आहे का?”

“ते मला काय ठाऊक? मी कुठे उठलो ते मला ठाऊक.”

त्या चार खुणांपाशी मी किती वेळ बसून होतो! प्रत्येक ठिकाणी माझा झुंजार काही करत नव्हता, नुसता बोलत होता. हे काकांनी सांगितले असते तर मी वाद घातला असता. खुणेशी वाद कसा घालणार?

काकांच्या या पद्धतीचे गुण मला गेल्या गणपतीनंतर पुन्हा आठवले, कारण आमच्या नातीने तिची वही माझ्यापुढे ठेवली. ती नववीत आहे. शेरलॉक होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न लघुकथा तिने दोन सुट्ट्यांत संपवल्या, आणि मग जे व्हायचे तेच झाले. होम्सच्या चरित्रात एक मोठी सोयीस्कर पोकळी आहे. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉइलने त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात लोटले, आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, जिवंत करून परत आणले. कथेतल्या पंचांगाप्रमाणे हा अज्ञातवास १८९१ ते १८९४ असा येतो. या काळात आपण सिगरसन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी बनून दोन वर्षे तिबेटात होतो, मग इराण, मक्का, खार्टूम असे हिंडलो, असे होम्स स्वतःच दोनचार वाक्यांत सांगतो आणि विषय बदलतो. एवढे मोठे अंगण लेखकाने मोकळे सोडल्यावर वाचक त्यात शिरणारच. जाम्यांग नोर्बू या तिबेटी लेखकाने १९९९ साली याच पोकळीत एक अख्खी कादंबरी बसवली. तीत होम्स मुंबईला उतरतो आणि त्याला सोबत करतो किपलिंगच्या ‘किम’मधला बंगाली बाबू. म्हणजे दोन घरांची भांडी एका चुलीवर!

आमच्या नातीने ती कादंबरी वाचलेली नव्हती. तिने तिबेटला निघालेला होम्स वाटेत पुण्याला उतरवला. (पुण्यावरून तिबेटला रस्ता कोणता, हा प्रश्न भूगोलाचा आहे, पुणेकरांना तो पडत नाही.) काळ १८९१ चा भाद्रपद. होम्सने काश्मिरी पंडिताचे सोंग घेतले आहे आणि तो शनिवार पेठेतल्या एका वाड्यात पाहुणा म्हणून राहिला आहे. वाड्यातून दागिन्यांचा डबा नाहीसा होतो, वगैरे.

ही वही एका मैत्रिणीने वाचली होती, आणि ती मैत्रीणही होम्सची निस्सीम भक्त. तिने एका वाक्यात निकाल दिला होता, “तुझा होम्स होम्सच नाही. तो असा पकडला जाणारच नाही.” त्यानंतर महिनाभर वही गादीखाली पडून होती. आईने मध्ये एकदा पोळ्या लाटता लाटता चार पाने ऐकली होती आणि ‘छान आहे गं’ म्हटले होते. त्या ‘छान’चा या मुलीला मैत्रिणीच्या निकालाहूनही अधिक राग आलेला दिसला.

“आजोबा, खरं सांगा हं. आईसारखं छान म्हणू नका.”

मी तीन दिवसांची मुदत मागून घेतली.

वहीत चुका होत्या. पहिल्याच पानावर सार्वजनिक गणपतीची मिरवणूक वाजतगाजत निघाली होती. पुण्यात सार्वजनिक उत्सव टिळकांनी रूढ केला तो १८९३ पासून. चौथ्या पानावर होम्स स्टेशनवर उतरून वडापाव खातो. वडापाव जन्माला यायला तेव्हा पाऊणशे वर्षे अवकाश होता! शिवाय सगळी गोष्ट डॉक्टर वॉटसन सांगत होता, आणि तो होम्सच्या शेजारीच बसलेला होता. वास्तविक या तीन वर्षांत वॉटसन लंडनमध्ये होता आणि आपला मित्र मेला म्हणून झुरत होता. भक्ताने लिहिलेल्या गोष्टीत ही चूक तर फारच मोठी.

पण चुकांची यादी करणे हे काम मला नेहमीच थोडे संशयास्पद वाटते. ते सोपे असते म्हणून. खुद्द डॉइलच्याही अशा चुका काय थोड्या आहेत? वॉटसनला अफगाण युद्धात लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे. दुसरीत ती पायात उतरली आहे. एका कथेत तर वॉटसनची बायको आपल्या जॉन नावाच्या नवऱ्याला ‘जेम्स’ अशी हाक मारते. यावर हसणारे पुष्कळ झाले. पण डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी काय केले पाहा. वॉटसनच्या नावात मध्ये एक ‘एच’ येतो, त्याचा उलगडा डॉइलने कधी केला नव्हता. बाईंनी सुचवले की तो ‘एच’ म्हणजे ‘हेमिश’. स्कॉटलंडच्या भाषेत जेम्सचेच ते रूप. आणि बायको नवऱ्याला त्याच्या मधल्या नावाने लाडाने हाक मारत असणार! लेखकाच्या हातून निसटलेल्या टाक्यावर बाईंनी वेलबुट्टी काढली. असा वाचक मिळायला भाग्य लागते.

मग मला त्या वडापावाकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटले. होम्सच्या हातातून वडा काढून घेतला, तर त्या हातात १८९१ च्या पुण्यात काय द्यावे? आणि एकदम आठवले, चहा! १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या नामांकित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे छापून टाकली, आणि प्रायश्चित्ताचे ते प्रकरण पुढे दोन वर्षे गाजत राहिले. रानडे-टिळकांनाही त्यातून सुटका नव्हती. म्हणजे नातीचा होम्स ज्या भाद्रपदात पुण्याला उतरला, त्या भाद्रपदात चहाचा पेला ही वस्तू पुण्यात केवढी स्फोटक होती!

इथे माझे मन धावू लागले. चहा कोणी प्यायला, पेला कोणी विसळला, डबा कोणी हलवला... दहा मिनिटांत सगळे कथानक माझ्या डोक्यात तयार झाले, आणि तेव्हा मी वही मिटून फिरायला गेलो. दुसऱ्याच्या वहीत आपली गोष्ट लिहिण्याचा मोह हा टीका करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू. मास्तरांच्या टीकेने माणूस लिहायचा थांबतो. या दुसऱ्या प्रकारच्या टीकेने तो लिहीत राहतो, पण सांगकाम्या होऊन.

आणि वहीत खरोखर चांगले असे काय होते? दीड पान. नेमके तेच दीड पान, ज्यावर त्या मैत्रिणीचा रोष होता. वाड्यात स्वयंपाकाला एक विधवा बाई आहेत. नातीने त्यांना नावसुद्धा दिलेले नाही. नुसते ‘स्वयंपाकाच्या काकू’. पंगत बसली आहे. काश्मिरी पंडित महाराज संस्कृत सुभाषिते म्हणत आहेत, सगळे माना डोलावत आहेत. आमटी अळणी लागली म्हणून महाराज वाढप्याची वाट न पाहता उष्ट्याच हाताने मिठाच्या वाडग्यात बोटे घालतात. काकू दाराआडून पाहतात आणि स्वतःशी म्हणतात, काश्मीर असो की कन्याकुमारी, उष्टे ते उष्टेच. हा माणूस कोणीतरी दुसराच आहे.

वाचकहो, हे दीड पान वाचताना मला घरातून कोणी हाक मारली असती तरी मी उठलो नसतो. या काकू डॉइलकडून आणलेल्या नव्हत्या. त्या कोणाकडूनच आणलेल्या नव्हत्या.

अशा वेळी लिहिणाऱ्याला काय सांगावे, याचे एक उत्तर खुद्द डॉइलनेच देऊन ठेवले आहे. १९११ च्या सुमारास आर्थर व्हिटेकर नावाच्या एका वास्तुशिल्पज्ञाने होम्सवर एक कथा लिहून डॉइलकडे पाठवली आणि ती दोघांच्या नावावर छापू या, असे सुचवले. डॉइल रागावला नाही. गोष्ट वाईट नाही, नावे बदला आणि स्वतःच्याच नावावर छापून पाहा, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. आणि कथेतली कल्पना कधी उपयोगी पडेल म्हणून थोडे पैसे देऊन ती ठेवूनही घेतली. व्हिटेकरने काही नावे बदलली नाहीत. कथा डॉइलच्या कागदांत पडून राहिली. डॉइल १९३० साली वारला. पुढे ते हस्तलिखित सापडले आणि १९४८ साली एका अमेरिकन मासिकात डॉइलचीच गवसलेली कथा म्हणून मोठ्या गाजावाजाने छापले गेले! म्हाताऱ्या व्हिटेकरने डॉइलचे ते जुने पत्र जपून ठेवले होते, म्हणून कथा खरी कोणाची हे उघडकीला आले. कथा कशीही असो, चार लोकांना ती डॉइलची वाटली, याचा त्याला मनातून आनंद झाला असेल की वाईट वाटले असेल, हे मी पुष्कळदा मनाशी ताडून पाहतो.

डॉइलचा सल्ला शहाणपणाचा होता, यात शंका नाही. पण तो मी नातीला दिला नाही. ‘होम्सचे नाव काढून टाक आणि काकूंची गोष्ट लिही’ असे म्हणणे मला सोपे होते. मात्र होम्स गेला, की काकूंनी ओळखायचे कोणाला? कोणीतरी भुरटा तोतया त्यांनी पकडला असता, तर पंगतीतला तो एक चुटका झाला असता. ज्याच्या सोंगाने निम्मे लंडन फसले, त्याला पुण्यातल्या एका आलवणातल्या बाईंनी मिठाच्या वाडग्यावरून ओळखले, यातच तर मौज आहे. काकूंची उंची मोजायला होम्स हवाच.

चौथ्या दिवशी आम्ही झोपाळ्यावर बसलो. समासातल्या खुणा मी तिला दाखवल्या आणि त्यांचा अर्थ सांगितला. खुणा सात होत्या, गोल एक. तिने आधी गोल पाहिला.

“हे? पण हेच तर तिला आवडलं नाही! होम्स पकडला जाईल का, म्हणाली.”

“सोंग घेतलेल्या होम्सला कोणी बाईने ओळखल्याचं तुझ्या वाचनात नाही?”

ती क्षणभर थांबली आणि ओरडलीच, “आयरीन ॲडलर!” १८९१ सालीच छापलेल्या त्या कथेत होम्स पाद्रीबुवा बनून जातो आणि शेवटी हातोहात फसतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. नुसते महिनाभर आठवले नव्हते. मन दुखावले म्हणजे पाठ असलेलेही आठवत नाही.

मिरवणूक आणि वडापाव तिने मुकाट्याने खोडले. पंचहौदच्या चहाची हकीकत मी चार वाक्यांत सांगितली आणि कपाटातल्या पुस्तकाकडे बोट दाखवून गप्प बसलो. हे गप्प बसणे किती कठीण गेले ते माझे मी जाणे. वॉटसनवर मात्र ती हटून बसली. वॉटसन नाही तर होम्सची गोष्ट होतेच कशी? तो लंडनला आहे हे ठाऊक होते, पण तो नसला तर कंटाळवाणे होईल, असे तिचे म्हणणे. मी वाद घातला नाही; तो मुद्दाही अगदीच टाकाऊ नव्हता. झोपाळा बराच वेळ कुरकुरत होता. मग तिनेच विचारले,

“पण मग गोष्ट सांगणार कोण?”

“ते मला काय ठाऊक?” मी म्हटले.

ती वही घेऊन आत गेली. आठवड्याने मला पहिले नवे पान वाचायला मिळाले. पहिले वाक्य काकूंचे होते, आणि त्यांना आता नाव होते.

हा लेख पुरा झाल्यावर मी तो रीतीप्रमाणे नातीच्या हाती दिला. तिने पेन्सिल मागून घेतली. दोन खुणा आल्या. एक मोरोपंतांपाशी, तिथे ती चकली आणायला उठली होती. मोरोपंतांना मी हलू दिले नाही. दुसरी खूण होती ती वहीतल्या गोष्टीचा शेवट मी सांगितला होता त्या परिच्छेदापाशी. तिथे ती उठली नव्हती, रागावली होती. “माझी गोष्ट तुम्हीच सांगून टाकलीत की!” तो परिच्छेद मी गाळला आहे. काकूंनी होम्सचे पुढे काय केले, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी थोडे थांबावे. ती सध्या अडतिसाव्या पानावर आहे, आणि सहामाही परीक्षा नुकतीच संपली आहे.